‘पाठबळ’ ग्रुपची मी अॅडमिन

सोम. ४ मार्च, सकाळी १०
ठरलं. बाई पत्रकारामागे बाई पत्रकारानेच उभं राहायचं. ग्रुप काढला, नाव ‘पाठबळ’. सगळ्या मला ताई म्हणतात, तेव्हा अॅडमिन कोण हा प्रश्नच नव्हता.

बुध. ६ मार्च
कॅन्टीनमध्ये पहिली बैठक. पाच जणी. मी माझी बावीस वर्षं थोडक्यात सांगितली. पावणेदोन तास. उरलेल्या वेळात आमची क्राइमवाली बोलली. महिला सुधारगृहातल्या औषधांचा घोटाळा तीन महिने खणतेय. प्रोबेशन संपत आलंय, ही बातमी लागली की नोकरी पक्की. एवढ्यात कुणाला सांगू नका म्हणाली. म्हटलं, अगं, माझ्या पोटातलं ओठांवर येत नाही.

मंगळ. १२ मार्च, दु. ४
संपादकांना सांगितलं. फक्त तिची बाजू भक्कम व्हावी म्हणून. ते म्हणाले, एवढी मोठी बातमी नवख्या मुलीच्या हाती कशी द्यायची, तुम्हीच लिहा. तिची कागदपत्रंही मागवून दिली. मी दोनदा नको म्हटलं. दुसऱ्यांदा मनात.

गुरु. १४ मार्च
पहिलं पान! माझ्या नावाने. तिच्याच सुरक्षेसाठी. उद्या धमक्या आल्या तर पोरीने काय करायचं? शेवटी तिचे आभार मानले होते, पण जागेअभावी उडाले. माझा फोटो जरा मोठा लागला.

शुक्र. १५ मार्च
ग्रुपवर साधा अंगठासुद्धा नाही. क्राइमवाली टेबलाशी येऊन म्हणाली, ताई, मागितली असती तर अर्धी बातमी मीच दिली असती. चारचौघांत! घरी नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, तिचं बरोबर आहे. घरचा भेदी.

शनि. ३० मार्च
तिला कायम केलं नाही. आज शेवटचा दिवस. केक कापला म्हणे, मला बोलावणं नाही. इतकं जिव्हारी कधी लागलं नव्हतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. यापुढे फक्त नव्या मुलींना घडवायचं. जुन्या कृतघ्न आहेत.

सोम. ८ एप्रिल, दु. ३
नवी ट्रेनी रुजू झाली. लगेच चहाला नेलं. म्हटलं, इथे बायकांना आधार लागतो, मी आहे. ती म्हणाली, हो मॅडम, सगळ्या फार चांगल्या आहेत, सकाळीच मला त्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. कुठला ग्रुप, विचारलं. नाव वेगळंच. सगळ्या त्यात आहेत. क्राइमवालीही. तिला दुसरी नोकरी तिथूनच मिळाली म्हणे.

काय शिकवलं, विचारलं. म्हणाली, एकच नियम. बातमी छापून येईपर्यंत ताईला सांगायची नाही. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, मॅडम, या ताई कोण हो?

म्हटलं, कल्पना नाही. डोळ्यांत पाणी आलं. पोरीला वाटलं, चहा पोळला. मी हो म्हटलं.