ओझं नसलेली गाडी

नाना, गाडी पळाली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरीनं पाल्हाळ लावलं आणि मुद्द्याचं राहूनच गेलं. पळाली, झकास पळाली, आणि धड परत आली. आज आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. मी धुळ्याला देवपुरात, माहेरी आले आहे. जेवणं झाली आहेत, बाहेर उन्हाचा असा कहर आहे की निंबाखालचं कुत्रंसुद्धा हलायला तयार नाही, आणि तुमचा धाकटा आतल्या खोलीत पुरणपोळी चढून घोरतोय. घागर भरून ठेवली आहे, तिच्यावर खरबूज, सांजोरी, दोन आंबे, सगळं तुमच्या नावानं. माझ्या बोटाला अजून कुंकू आहे आणि ते कागदाला लागतंय. ते कसं लागलं ते शेवटी सांगते. घरात आपण जन्मभर अहिराणीच बोललो, पण हातात पेन आलं की मला शाळेतली मराठीच सुचते. तेवढं चालवून घ्या.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हायवेवरचं आपलं वर्कशॉप मला जसंच्या तसं दिसतं. तुम्ही बनियनवर, कानामागे पेन्सिल, समोर उघडलेला टर्बो. धुरानं एक पंखा फिरतो, तो पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो, आणि दुसरा इंजिनात हवा कोंबतो, म्हणून भरलेला ट्रक घाट चढतो. हे तुम्ही मला चौथीत असताना पोळपाटावर दोन वाट्या फिरवून समजावलं होतं आणि आई ओरडली होती की माझं पीठ सांडलं. यावलकडून केळी भरून ट्रक यायचे, लळिंगचा घाट चढायच्या आधी तुमच्याकडे थांबायचे. दसरा झाला की कापसाच्या दिवसांत तुमचं एक वेगळंच काम असायचं. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडायचा, रस्ताभर पांढरं व्हायचं, आणि तो ट्रकच्या रेडिएटरमध्ये जाऊन बसायचा. म्हणून तुम्ही येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधायचात. घरातली एक मच्छरदाणी कधी सबंध राहिली नाही. आई म्हणायची, ट्रकला डास चावत नाहीत, तुमच्या पोरांना चावतात!

तुम्ही मला एकदाच चारचौघांत ओरडलात. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. घाट ओलांडून आलेला एक ड्रायव्हर चहाला जाता जाता म्हणाला, ताई, गाडी बंद करून टाक. मी केबिनमध्ये चढले, किल्लीला हात लावला, आणि तुम्ही तिकडून असे ओरडलात की समोरच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. "थांब! आते चाबी नको फिराऊ! गरम शे ती, तिले दम खाऊ दे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू येत होतं आणि रागही. मग तुम्ही बशीत चहा ओतलात, माझ्यासमोर फुंकर मारत बसलात आणि हळू आवाजात सांगितलंत, की इंजिन बंद झालं तरी आतला पंखा लगेच थांबत नाही. त्याला मिळणारं तेल मात्र थांबतं, आणि उरलेलं तेल तिथल्या तिथे जळतं. "इतला चहा गार व्हवाले लागस ना? तितला वखत दे तिले." तुमचं घड्याळ कायम बशीतलंच होतं.

आणि ती लग्नानंतरची पहिली आखाजी. गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, जी ती आपली साडी मिरवत होती. मला तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू दिलीत. उघडून बघते तर ट्रकच्या टर्बोचा पंखा! निकामी झालेला, पण तुम्ही घासून घासून असा चकचकीत केलेला की त्यात माझं नाक दिसत होतं. आई म्हणाली, "पोरले काय हाई लोखंड देतस!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "लोखंड नही, अल्युमिनियम शे." मी इतकी हसले की झोक्यावरून पडता पडता राहिले. त्या दुपारी निंबाखाली बसून तुम्ही तो पंखा हातात फिरवत बोललात, ते मी कधी विसरले नाही. "बठ्ठा जल्म या ट्रकस्नी ओझंच ओढं. केळी, कांदा, कापूस. एक गाडी अशी पाहिजे, जिनामा काहीच ओझं नही. नुसती पळाले." मी म्हटलं, नाना, मी करीन. तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर विश्वास ठेवून हलवलीत की माझं मन राखायला, ते मला आजही ठरवता येत नाही.

माझ्या सासूबाई त्या पंख्याचा उपयोग गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की प्लास्टिकचा कागद उडू नये म्हणून करायच्या. चांगला जड आहे हो, म्हणायच्या. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. तुम्ही गेलात, वर्कशॉप धाकट्याकडे गेलं. लेकीचं लग्न झालं की दुकान लेकाचं, आपल्याकडे त्यात विचारायचं काय असतं! त्यानंही वेगळं काही केलं नाही, पण मला ते लागलं. टर्बो त्याच्याहून मी जास्त उघडले होते. मी जळगावला एमआयडीसीत माझं गॅरेज काढलं आणि आम्ही बहीणभाऊ आखाजी-दिवाळीपुरते उरलो.

मग मागच्या वर्षी त्याचा फोन आला. "अक्का, एक गाडी शे. रोहीले धडकनी. घेशी का?" पेट्रोलवरची टर्बोवाली सेडान, नीलगायीच्या धडकेनं तोंड पार चेपलेलं, पण इंजिन शाबूत. काय करशील म्हणाला, तेव्हा मी त्याला तुमचं ते वाक्य सांगितलं. मग तो म्हणाला, "माले बी सांगेल व्हतं त्यास्नी." नाना, तुम्ही बडे हुशार. दोघांना एकच गोष्ट सांगून ठेवलीत आणि दोघांनाही वाटत राहिलं की फक्त आपल्यालाच सांगितली.

इंजिन मी केलं. आतले पिस्टन बदलून मजबूत घातले, टर्बो मोठा बसवला, त्याची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर दुप्पट केला आणि तो पुढे, रेडिएटरच्या अगदी पुढ्यात लावला. ब्रेक, स्प्रिंग आणि गाडी उलटलीच तर जीव वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा धाकट्यानं केला. दर रविवारी तो धुळ्याहून यायचा आणि दर रविवारी आम्ही भांडायचो. ओझं नसलेली गाडी म्हणजे त्यानं अगदी मनावर घेतलं होतं. भंगारवाल्याचा काटा आणून प्रत्येक वस्तू तोलायचा. मागची सीट काढली, ड्रायव्हरशेजारची काढली, गालिचा काढला, स्टेपनी काढली, दारांचे आतले पत्रे काढले. मी तुमचा पंखा गाडीत ठेवायचा म्हणत होते. त्यानं तोही काट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "अक्का, हाई बी काढ." मी काढला.

नवीन इंजिन आधी हळूहळू चालवून सरावाचं करावं लागतं. ते आम्ही हिवाळ्यात जळगाव-धुळे रस्त्यावर केलं, एरंडोल-पारोळ्यावरून. पुढे कापसाच्या गाड्या, मागे आम्ही, खिडक्या उघड्या, केसांत कापूस. मला इतका आनंद झाला होता की मी गात होते, आणि माझं गाणं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मग गाडी ट्रेलरवर चढवली आणि दक्षिणेकडच्या रेसच्या ट्रॅकवर नेली. तिथं कुणाला हरवायचं नव्हतं. पूर्ण जोरात एक फेरी सुखरूप मारायची, एवढंच. पण इंजिन गेलं असतं तर दुसरं उभं करायची माझ्यात ताकद नव्हती. नवऱ्याला आणि धाकट्याला मी तसं बजावून सांगितलं होतं.

आणि पहिल्याच खेपेला तापमानाचा काटा चढायला लागला. खोटं कशाला सांगू, तेव्हा तुमची आठवणबिठवण काही आली नाही. फक्त तो काटा दिसत होता. मी पाय काढला, त्या उकाड्यात गाडीतला हीटर पूर्ण सोडला म्हणजे इंजिनाची थोडी धग तरी बाहेर येईल, आणि घामानं निथळत हळूहळू आत आले. दोनतीन जण धावत आले, "बंद करो, बंद करो!" माझा हात किल्लीवर गेला. आणि तिथेच थांबला. तो मी थांबवला नाही हो नाना, तो आपोआप थांबला. मी म्हटलं, थांबा, तिला दम खाऊ द्या. काटा जरा उतरल्यावरच किल्ली फिरवली.

मग जो तो डोकं लावायला लागला. कुणी म्हणे पंप, कुणी म्हणे लॅपटॉपवरचं सेटिंग. मी बाजूला टायरवर बसले होते, संपलं सगळं असं धरून. इंजिन निवल्यावर धाकटा गाडीखाली झोपला, इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बोटं घातली. मग त्यानं ओढलं. नुसतं येतच राहिलं. "अक्का, हाई देख! गादी भराई जाई इतला कापूस शे!" पुढून सगळं धुऊनपुसून चकचकीत आणि आत पांढरी गोधडी! अख्ख्या देशात हे फक्त आपल्यालाच जमलं असतं. दसरा ते संक्रांत गावाच्या ट्रकांना मच्छरदाण्या बांधणाऱ्या माणसाची आम्ही दोन पोरं, आणि स्वतःच्या गाडीला जाळी लावायचं दोघांनाही सुचलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि असे हसलो, असे हसलो की लोकांना वाटलं इंजिन गेल्याच्या धक्क्यानं यांचं डोकं फिरलं. हसता हसता तो रडायला लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

दुपारनंतर ती पळाली, नाना. काटा जागचा हलला नाही. सरळ रस्त्यावर टर्बोनं जोर धरला तेव्हा पाठ सीटला चिकटली आणि मी एकटीच हेल्मेटमध्ये ओरडले, काय ओरडले ते देवाला ठाऊक. आत आले तेव्हा धाकटा चहा घेऊन उभा होता. तिथं बशी कुठली, कागदी कप. पण फुंकर मारत तो सबंध पिऊन होईपर्यंत आम्ही इंजिन चालू ठेवलं. तुम्ही मला शिकवलंत, नाना. नुसतं ओरडून मोकळे झाला नाहीत, बसून शिकवलंत. त्याचे आभार तुम्हाला तोंडावर कधी मानले नाहीत, आपल्याकडे बापाचे आभार कोण मानतं! आज मानते.

आता कुंकवाचं. सकाळी धाकटा उंबरठ्यापाशी बसला होता. कुंकवात बोट बुडवून एकेक रेघ ओढत पूर्वजांची नावं घेत होता. पणजोबा झाले, आजोबा झाले. तुमची पाळी आली तेव्हा थांबला, सरकला, आणि कुंकवाची वाटी माझ्याकडे केली. "नानानं नाव तू ले." हे काम लेकाचं असतं. आई बघत होती. मी तुमचं नाव घेतलं आणि रेघ ओढली. थोडी वाकडी आली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी. उद्या जळगावला गेले की घडी करून गाडीत ठेवीन. शेजारची सीट काढली ना, तिच्या जागी पत्र्याखाली तुमचा पंखा आहे, मधल्या भोकातून बोल्ट घालून आवळलेला. धाकट्यासमोर काढला होता हे खरं, पण तो धुळ्याला गेल्यावर मी परत बसवला. ट्रॅकवर तो माझ्या शेजारीच होता. गाडीत काहीच ओझं नव्हतं असं धाकटा सगळ्यांना सांगत फिरतो, त्याला सांगू दे. तुमच्याशी मात्र खोटं बोलवत नाही.