पाटीवरचं 'आंतरराष्ट्रीय'

शारजा,
रविवार

प्रिय नंदीश,

अक्काचा आशीर्वाद. आमचं इथं छान चाललंय, मुलंही बरी आहेत. फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले.

दुकानाच्या नव्या पाटीचा फोटो पाहिला. 'सावित्रम्मा आंतरराष्ट्रीय शेंगा चटणी'! अरे, दोन देशांत व्यवहार चालतो त्याला आंतरराष्ट्रीय म्हणतात. आपली चटणी मोडनिंबच्या पुढे कधी विकली गेली? तर तू म्हणतोस, "अक्का, तुला शारजाला डबा जातो की! दुसरा देशच हाय तो!"

मी गिऱ्हाईक नाही रे, त्या घरची लेक आहे.

पाटी वाचून लोक 'परदेशात जाते तीच द्या, उखळात कुटलेली' म्हणून मागतात आणि तू सगळ्यांना हो म्हणतोस. कुटतं कोण? अव्वा, आपली म्हातारी आई. काल व्हिडिओ कॉलवर ती डाव्या हातानं चहा पीत होती. खांदा दुखतोय का विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाय गं, तू जेवलीस का?" डॉक्टरांना दाखवलंस का तिला?

आता ऐक. पुढच्या महिन्यात बसवराजमामा इकडे येतील, त्यांच्याबरोबर माझा डबा पाठवू नकोस. यंदा नको, पुढेही नको. मग तुझी चटणी कुठल्याच परदेशात जाणार नाही. पाटी उतरव आणि अव्वाच्या हातातलं मुसळ काढून घे.

मुलं रुसतील. त्यांची समजूत मी घालीन.

तुझी,
दानेश्वरी अक्का