धक्क्याची पट्टी आणि व्हर्नाची गोधडी

मी, लोवेल अ‍ॅम्स्टुट्झ, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शाळामास्तर, राहणार केलर्स बेंड, ओहायो, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. शुद्धीबद्दल शंका असल्यास शाळेतली कोणतीही कविता विचारावी. शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणून दाखवीन.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा गेलन याला. कवितांची पुस्तके नात मार्नी हिला. पुस्तकांत मेपलची वाळवलेली पाने सापडतील. ती काढू नयेत.

२. नदीकाठची जमिनीची पट्टी, जिच्यावर वेदरली विद्यापीठाच्या मुलींचा नौकांचा धक्का आहे, तीही गेलनच्या नावे. जोवर विद्यापीठ मुलींचा नौका वल्हवण्याचा संघ चालवील आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या देईल, तोवर धक्का फुकट वापरू द्यावा. संघ बंद झाल्यास पट्टी शेजारी डेल्बर्ट क्रम यास जावी. डेल्बर्ट डुकरे पाळतो. पट्टी स्टेडियममधल्या बड्या देणगीदारांच्या बसायच्या खोल्यांच्या खिडक्यांखालीच येते आणि वारा बहुधा नदीकडूनच असतो.

ही अट का, तेही लिहितो. विद्यापीठाचा क्रीडासंचालक व्हिटलॉक गेल्या महिन्यात चेरीची पाई, म्हणजे फळे भरून भाजलेली गोड पोळी, घेऊन घरी आला. त्याआधी या माणसाने मला किंवा माझ्या दिवंगत पत्नीला, व्हर्नाला, रस्त्यात कधी ओळख दाखवलेली नाही.

"लोवेलकाका, व्हर्नाकाकूंची ती गोधडी आमच्या गौरवदालनात लावू. काचेत!"

"आणि संघ?"

"संघाचं काय, काका? पाई खा ना, गार होतेय."

पाई मी मांजरीला घातली. तिने हुंगून सोडली. जी वस्तू हे लोक काचेत ठेवतात, तिचे बाहेरचे मरण आधीच ठरलेले असते. संघाच्या यादीत भरताड नावे आहेत, हे मला त्याच संघातल्या मार्नीने सांगितले. त्यातल्या कित्येक मुलींनी वल्ह्याला हातही लावलेला नाही. मुलामुलींना खेळात सारखी संधी द्यावी असा कायदा आहे; तो पाळल्याचे वरच्यांना दाखवायला यादी, आणि खर्च टाळायला उद्या कात्री.

३. गोधडी. नौकांच्या शर्यतीत हरलेल्यांनी धक्क्यावर अंगातले सदरे उतरवून जिंकलेल्यांना द्यायचे, अशी रीत आहे. व्हर्ना वेदरलीच्या पहिल्या मुलींच्या नौकेत होती. नौका मुलग्यांनी टाकून दिलेली, तळाला डांबर फासलेली. तरी तिने सदरे आणले, पुढे ती प्रशिक्षक झाल्यावर तिच्या हाताखालच्या मुलींनीही आणले, आणि ती हिवाळाभर खिडकीशी बसून ते जोडत राही. बाहेर नदी गोठलेली, आत तिच्या मांडीवर साऱ्या नद्यांचे रंग. ही गोधडी काचेत जाणार नाही. ती गेलनने पांघरावी.

गेलन, तू नाक मुरडशील, ठाऊक आहे. वेदरलीतला तुमचा कुस्तीचा संघ त्या कायद्याचे नाव सांगून बंद झाला त्या दिवसापासून तुझे एकच पालुपद: "पोरींनी आमची कुस्ती खाल्ली, बाबा." मार्नी शिष्यवृत्तीवर नौका वल्हवायला लागली, तरी तू एकदाही धक्क्यावर आला नाहीस. बाळा, "कायद्यापुढे आमचा इलाज नाही" असे तुम्हाला सांगणाऱ्यांनीच त्या वर्षी फुटबॉलवाल्यांच्या खोलीत धबधबा बसवला. खरा, पाण्याचा. मुलींना तेव्हा अंघोळीला गरम पाणी नव्हते. कोणी खाल्ले, ते तूच ठरव. म्हणूनच पट्टी तुझ्या हाती देतो, मार्नीच्या नाही. तिला ते गोड बोलून गुंडाळतील. तुझा राग त्यांना पुरून उरेल.

आणि गोधडीचा डावा कोपरा उलटून बघ. तांबडा तुकडा आहे. तू कचऱ्यात टाकलेला कुस्तीचा पोशाख तुझ्या आईने उचलून आणला होता. मी म्हणालो, "अगं, हा हरलेल्याचा नाही." ती म्हणाली, "हरला नाही, तरी उतरवावा लागलाच ना? मग याची जागा इथेच."

काचेत हा कोपरा मागे दुमडला गेला असता.

साक्षीदार: लोर्ना पिकेट, निवृत्त पोस्टमास्तर; एमोस ट्रॅक्सलर, न्हावी. डेल्बर्टही सही करायला हटून बसला होता; ज्याला कदाचित मिळायचे त्याने सही करायची नसते, असे सांगितल्यावर म्हणाला, "मग न मिळो, मास्तर. डुकरांना आहे ती जागा पुरे."

आमेन.

(सही) लोवेल अ‍ॅम्स्टुट्झ
केलर्स बेंड, ९ एप्रिल. नदी मोकळी झाली आहे. मुली पाण्यात आहेत.