बारा ते चार काम बंद

२ मे २०१३, गुरु.
नितीन मॅनेजर झाला. केबिनबाहेर पाटी लागली, कारखान्याच्या लायसन्सवरही त्याचंच नाव गेलं. मी त्याच्या सहा वर्षं आधीपासून कळंबोलीत पत्रे कापतोय, आता एक शिफ्ट सांभाळतो. मशीन त्याला मीच शिकवलं. आजही सगळ्यांसमोर मला ‘दादा’च म्हणाला. तेच जास्त झोंबलं. शुभा म्हणते, एवढं काय त्यात. बायकोला काय सांगणार.

९ मे, गुरु.
हातमोज्यातूनही पत्र्याचा चटका बसतो. नितीनने लेखी नोटीस दिली: पावसापर्यंत बारा ते चार यार्डात काम बंद. “दादा, बोर्डावर लावा, तुमच्या शिफ्टला सांगा.” मागच्या उन्हाळ्यात हेच मी मालकांना सुचवलं होतं. तेव्हा हसले. आता हा सांगणार आणि लोक म्हणणार, नवे साहेब काळजी घेतात. नाही लावली. खणात टाकली. उद्या बघू.

१३ मे, सोम.
गणपत म्हात्रे पडला. उरणकडचा, माझ्याच शिफ्टचा. ट्रेलरवरून पत्रे उतरवत होता, दुपारी दीडला. त्याआधी म्हणाला होता, “साहेब, डोकं गरगरतंय, जरा बसू का?” मी म्हटलं, एवढा ट्रेलर खाली कर आणि मग बस. नितीन शुक्रवारपासून कामासाठी पुण्याला गेलेला.
अंग चटके बसावेत असं तापलेलं, घाम नाही, काहीतरी बरळत होता. पाणी ओतत पनवेलला नेला. डॉ. म्हणाले उष्माघात, किडन्यांवर गेलंय. आयसीयूत आहे.
नोटीस अजून खणातच.

१६ मे, गुरु.
फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. म्हणाले, कायद्याने जबाब मालक आणि मॅनेजरने द्यायचा. नितीन म्हणाला, मी लेखी दिलं होतं, दादांच्या हातात. बोर्डावर काही नाही, रजिस्टरला नोंद नाही. मग मला विचारलं.
“माझ्यापर्यंत आली नाही.”
खाली सही केली. नितीनने रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२० मे, सोम.
हॉस्पिटल. गणपतचं डायलिसिस चालू आहे, माणसं ओळखत नाही. त्याची बायको भारती म्हणाली, “मॅनेजर साहेब रोज येतात. तुमी आज आलात.” बिचारीने सहज म्हटलं. आणि मला काय सुचावं, तर इथेही तोच पुढे.

२४ मे, शुक्र.
नितीन निलंबित. मालक म्हणाले, आता तुम्हीच सांभाळा. शुभाने शिरा केला, भावाला फोनही करून झाला.
केबिनमध्ये बसलो. टेबलावर नितीन आणि त्याच्या बायकोचा फोटो राहिलाय, त्यांच्या खारघरच्या फ्लॅटच्या गॅलरीतला. नोकरी गेल्यात जमा आहे त्याची, तरी त्या गॅलरीकडे बघून पोटात दुखलं.

२८ मे, मंगळ.
भारतीचा फोन. गणपत बोलायला लागला. पहिलं काय, तर “ट्रेलर झाला का खाली?” ती हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो.
शुक्रवारी इन्स्पेक्टर त्याचा जबाब घेणार.
लायसन्सवर नाव बदलायचा फॉर्म आलाय. मॅनेजर म्हणून माझं नाव टाइप केलेलं. सही बाकी.

३० मे, गुरु.
संध्याकाळी खारघरला गेलो. चौदावा मजला. नितीनला सगळं सांगितलं. नोटीस, खण, गणपत बसू का म्हणाला ते. शेवटी त्याने विचारलं, “का, दादा?”
खरं ते सांगितलं. सांगताना इतकं क्षुल्लक वाटलं की…
त्याची बायको आत गेली. तो म्हणाला, “हे उद्या इन्स्पेक्टरांसमोर बोलाल?” मी म्हटलं, बोलेन. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. त्याच्या खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. तेवढ्यातही ते पाहिलं मी.
घरी आलो तर शुभाने उद्यासाठी माझा नवा शर्ट इस्त्री करून ठेवलेला. मॅनेजरला शोभेल असा, म्हणाली. तिला अजून सांगितलेलं नाही. इन्स्पेक्टर अकराला हॉस्पिटलमध्ये येणार.