मोठ्या फोटोत नाही, लहान फोटोत आहे

७ ऑक्टोबर, मंगळवार
दुकान उघडायच्या आधीच सुमित्राक्का पायरीवर हजर. त्यांच्या मुलाच्या, दर्शनच्या, लग्नाची गॅलरी आमच्या स्टुडिओच्या साइटवर आहे. मुलीचा, मेघनाचा, ठरलेला नवरा त्यात तेवीस फोटोंत होता. ते जमलेलं मोडलं. शनिवारी आमच्या मालकांनी, अण्णांनी, स्वतः बसून त्याला तेवीसही फोटोंतून काढलं, नवे फोटो चढवले. पण पानावरचे लहान चौकोन जुनेच. बोट ठेवलं की मोठा फोटो उघडतो, त्यात तो नाही. मागे आलं की पुन्हा हसत उभा.
"भूत झालंय रे मारुती! रविवारी धारवाडचे पाहुणे येतायत मेघनाला बघायला. लग्नाचे फोटो मागितलेत त्यांनी. कसली लिंक देऊ?"
मेघना मागे उभी.

८ ऑक्टो., बुध.
एकेक करून वहीत. माझा फोन: जुनं. अण्णांचा: जुनं. समोरच्या झेरॉक्सवाल्याने गॅलरी कधी उघडलीच नव्हती, त्याच्याही फोनवर जुनंच. म्हणजे दोष फोनचा नाही, दुकानातल्या ज्या कॉम्प्युटरवर साइट चालते त्या आमच्या मशीनचा.
चौकोन कुणी हाताने करत नाही. मशीनच मोठ्या फोटोवरून करतं आणि ठेवून देतं. फोटो बदलला की नवा करायला हवा. एक पुसून बघितला. लगेच नवा झाला, बरोबर. मग बाकीचे आपणहून का नाहीत?
अण्णा: "सगळे पूस की! विचार कसला करतोस?"
पुसून भागेल. पण कारण कळल्याशिवाय नको. बारावी अर्धवट राहिली ती उत्तरं पाठ करण्यानेच. आता रीत बघितल्याशिवाय पुढे जात नाही.
"परीक्षा तुझी नाही रे, अक्कांची आहे," अण्णा म्हणाले.

९ ऑक्टो., गुरु.
सापडलं. नव्या फोटोंवर तारीख २ जानेवारी २०१५. मशीन फोटोची तारीख बघतं, चौकोनाहून नवी असेल तरच चौकोन पुन्हा करतं. चौकोन यंदाच्या मे महिन्यातले. त्याच्या हिशेबाने सगळं ठीक.
घड्याळ मागे गेलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला. वर्षभर चालू असलेलं मशीन मीच बंद केलं. पुसलं, हळदकुंकू, झेंडूची माळ. अण्णांनी दारात कोहळा फोडला. हत्यार खाली ठेवायचं तर पुरतं ठेवावं, म्हणून प्लगही काढला. आतला घड्याळाचा सेल कधीचा मेलेला, वीज होती म्हणून कळलं नाही. शुक्रवारी चालू केलं तो मशीनचा १ जानेवारी. तारीख बघितली नाही. मी. जो कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघतो.
अण्णांना सांगितलं. ते हसतच सुटले. "अख्ख्या बेंगळुरूने पूजा केली, देवी तुझ्यावरच कोपली? अक्कांना सांगू नको. पुढच्या वर्षी कोहळा मशीनवरच फोडायला लावतील."

११ ऑक्टो., शनि.
सेल गांधी बाजारातल्या घड्याळवाल्याकडून. "स्वल्प तडी, थोडं थांबा" म्हणत त्याने अर्धा तास उभं केलं. सेल बसवला, वेळ लावली. प्लग काढून दहा मिनिटं थांबलो, पुन्हा लावला. तारीख बरोबर. मग फोटोंच्या तारखा सुधारल्या. चौकोन आपणहून बदलले, आणखी एकही पुसावा लागला नाही. तेवीसच्या तेवीस तपासले. दोनदा. अक्कांना लिंक पाठवली.
संध्याकाळी मेघनाचा फोन.
"नक्की गेला ना तो?"
"गेला."
"आधीचं मोडलं ते मी सांगणार आहे त्यांना. आईला माहीत नाही. पण माझ्या तोंडून कळू दे, फोटोतून नको."

१२ ऑक्टो., रवि.
सुट्टी, तरी दुकानात आलो. पाहुणे चारला. कुठला फोटो कधी उघडला ते साइटच्या नोंदीत दिसतं.
४.१२ गॅलरी. ४.२० फोटो ४७, मोठा. ४.२३ पुन्हा ४७. ४.२४ पुन्हा.
मीही उघडला. दर्शनच्या खांद्यावर चार बोटं. कुणाचीच नाहीत. माणूस गेला, हात राहिला.
मी चौकोन तपासले. मोठे फोटो अण्णांनी केलेले म्हणून उघडलेच नाहीत. एवढ्याशा चौकोनात बोटं दिसत नाहीत.
अण्णा वरच राहतात, हाक मारली. बनियनवरच खाली आले, पाच मिनिटांत बोटं पुसली. "चढवू?"
"नको."
"अरे, नको काय?"
पाहुण्यांनी हात बघितलाय. आता तो नाहीसा झाला तर मेघना काही सांगो, खोटंच वाटेल.
तिला मेसेज केला: ४७ मध्ये हात राहिला आहे. चूक माझी. त्यांनी तीनदा बघितलं आहे. विचारायच्या आत तुम्ही सांगा.
४.३८ दोन निळ्या खुणा.
५.१० नोंदीत नवीन काही नाही. फोन नाही. अण्णा स्टुलावर बसून आहेत. सुधारलेला ४७ तयार आहे. चढवलेला नाही.