डब्यावरचं नाव

आबा, तुम्ही तो स्टीलचा डबा पॉलिशच्या चाकाला लावलात आणि तिचं नाव माझ्या डोळ्यांदेखत घासून काढलंत, त्या घटकेला माझं सगळं बदललं. कॉलेज सुटलं, आणि बाप म्हणून तुम्हीही सुटलात. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं माझा राग निवला असेल. निवलेला नाही.

दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तू विकायच्या, हे आपलं दुकान. हिंजवडीच्या ऑफिसांतून निघालेल्या फिरत्या खुर्च्या, उरवड्याच्या कारखान्यातली पत्र्याची कपाटं, जांब्यातल्या भाड्याच्या खोल्या सोडून जाणाऱ्यांचे पंखे, खाटा, भांडी. मोडक्या खुर्च्यांतून एक धड खुर्ची जुळवून ती तुम्ही न्हाव्याला खपवायचात. भांड्यांना मात्र तुमचा एकच नियम. "दुसऱ्याच्या नावाच्या ताटात कोन जेवतंय रं? आदी नाव काढ, मग फळीवर ठेव." लग्नातली, बारशातली, वास्तुशांतीची, कुणाकुणाची नावं तुम्ही उडवलीत. मीही उडवली. पण त्या डब्यावरचं नाव मी घालून घेतलेलं होतं. पौडच्या भांडीवाल्यानं मशीन हातात धरून विचारलं होतं, "कुनाकडून घालू? मामाकडून का?" आणि त्याचा गडी फिदीफिदी हसला होता. मी कागदावर तिचं नाव लिहून पुढं सरकवलं. शेवटी नुसतं तिचं नाव आणि खाली 'सप्रेम भेट'. देणाऱ्याचा पत्ताच नाही. तसाच तिला नेऊन दिला. ही गंमत त्यानंच तुमच्या कानावर घातली, तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका.

ती माझ्या वर्गातली. लातूरकडची माणसं, वडील हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला, जांब्यात भाड्यानं राहायची. त्या दिवशी मी कॉलेजातून येतो तर दुकानाच्या दारात त्यांची खाट, त्यांचा पंखा, आणि तुमच्या हातात तो डबा. मी म्हणतो, "आबा, तो ठेवा, तो माझा हाय." तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुजा कसला? हितं आला तो दुकानाचा." मी विचारतो, कुठं गेली ती माणसं? "मला न्हाई ठाव." आणि चाक सुरू. शेजारी एक बाई गिऱ्हाईक म्हणून उभी, ती टकामका बघतेय. "बघ नीट," तुम्ही मला म्हणालात, मला! नाव गेलं तसा डबा लखलखला आणि तुम्ही तो त्या बाईपुढं धरलात. "घ्या ताई, कोरा करकरीत." मी वह्यापुस्तकांची पिशवी तुमच्या रद्दीच्या ढिगावर भिरकावली ती परत उचलली नाही. त्यानंतर तुमची छाती दुखून तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याशी व्हय आणि न्हाई याच्यापुढं बोललो नाही.

आज तात्या आले होते, आपले टेम्पोवाले, कपाटं भरायला. मी चाकावर एक ताट धरून तुम्हाला शिव्या घालत होतो, नेहमीसारख्या. तात्यांनी कपाट तसंच खाली टेकवलं. "बास कर की आता. मेलेल्या मानसाला किती शिव्या घालशील? ती पोरगी सोता आलती हितं. म्या हुतो. म्हनली, काका, माझं लगीन ठरलंय, तुमचा मुलगा लई तापट हाय, तिकडं येऊन तमाशा करंल. ह्यो डबा घ्या आन् त्याच्यासमोरच नाव काढा, म्हंजी माझ्या मागं यायचा न्हाई."

"आबा काय म्हनले?"

"काय म्हननार? चहा पाजला तिला."

चहा पाजलात! माझा निकाल लावायला आलेल्या पोरीला तुम्ही चहा पाजलात आणि मला चाकाचा आवाज ऐकवलात. मला खाली बसवून चार शब्द सांगता येत नव्हते? गिऱ्हाइकासमोर करायलाच हवं होतं? आणि वर जन्मभर गप्प बसलात. एवढी वर्षं मी तुम्हाला खलनायक करून जगलो आणि तुम्ही तो खुशाल होऊ दिलात. कुणी मागितलं होतं हे? तिनं तर डबा दिला आणि मोकळी झाली. मला मोकळं करायचं तुम्हाला सुचलं नाही. मोडक्या खुर्चीला तरी तुम्ही उलटी करून बघायचात, हिचं नेमकं काय गेलंय म्हणून.

निघताना तात्यांनी विचारलं, "गाव सांगू का तिचं? बाकीचं सामान म्याच टाकून आलो हुतो." मी नको म्हणालो. ते गेल्यावर चाक बंद करून हे लिहायला बसलो. तिला शिव्या घालून बघितल्या, आबा. तोंडातून निघत नाहीत. तुम्हाला घालता येतात, म्हणून तुम्हालाच घालतो. एवढं एक कबूल. हे कुठं पाठवायचं नाही, राहू दे इथंच. उठतो आता. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.