तुझ्या विहिरीचं पाणी

माय, तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे. मामाचं पत्र यायचं तेव्हा तू चुलीपुढून उठायची नाहीस, भाकरी थापता थापताच म्हणायचीस, "वाच वं, पन सावकाश वाच." मी मॅट्रिक झाले ती तुझ्या हट्टामुळे, आणि त्याचा उपयोग एवढाच झाला की घरचा जमाखर्च मला कुणाला विचारावा लागत नाही. माझी पोरगी मात्र फार पुढे गेली. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, तुझ्या गोधडीची दशी तोंडात घालायची आणि तू हसायचीस. ती आता नंदुरबारच्या कॉलेजात पीएच.डी. करते. नात्यातल्या बाया विचारतात, काय शिकते गं तुझी पोर, तर मी सांगते, पूड करते. त्या मिरचीची समजतात. मीही पुढे काही सांगत बसत नाही.

तुला सांगते. ती पूड इतकी बारीक असते की केसाच्या जाडीत तिचे हजारो कण मावतील. नॅनो म्हणतात तिला. एक पूड अशी की लोहचुंबक जवळ नेलं की बाटलीतली सगळी त्या बाजूला धावते. दुसरी अशी आहे की साड्या छापायच्या कारखान्यातलं लालभडक पाणी उन्हात ठेवायचं, त्यात चिमूटभर टाकायची, की रंग तुटत जाऊन पाणी नितळ होतं. आणि पूड काही संपत नाही, गोळा करून धुतली की दुसऱ्या पाण्याला पुन्हा चालते. हे ऐकलं तेव्हा पोरीचं शिक्षण मला पहिल्यांदा मनापासून पटलं. तिसरी पूड पिण्याच्या पाण्यासाठी. तिच्यासाठीच हे पत्र.

एकदा डबा द्यायला मी तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिनं मला लांब स्टुलावर बसवलं आणि कशालाही हात लावू नको म्हणून बजावलं. काचेच्या कपाटात एक शेगडी, शेगडीवर भांडं. भांड्यात लोखंडाचे आणि आणखी कुठल्या कुठल्या धातूंचे क्षार पाण्यात विरघळवलेले, आणि त्यात लिंबूफूल. हो, ढोकळ्यात घालतो तेच, फक्त तिचं जास्त शुद्ध. पाणी आटत गेलं, रस काकवीसारखा झाला, मग चिकट गोळा होऊन फुगायला लागला, आणि कुणी काडी न लावता एका कडेनं पेटला. ठिणगी भांडंभर फिरली आणि मागे हलक्या, काळपट राखेचा ढीग उरला. मी पदर सावरून विझवायला उठलेच होते. ती म्हणाली, "आई, बस. ते असंच व्हायचं असतं." मग ती राख खलात घोटायची, भट्टीत भाजायची, आणि दूरच्या विद्यापीठात फोटो काढायला पाठवायची. फोटो मी पाहिला. अंगणात बाजरी सांडावी तसं दिसतं. सगळं एका दिवसात जमलेलं नाही हो. कधी पूड गोळे धरायची, कधी चुंबकाला दाद द्यायची नाही, आणि त्या दिवशी पोर घरी येऊन ताटावरून तशीच उठायची.

आता विहिरीचं. मी परकरात आहे. मिरची तोडायला डोंगरातून आलेल्या बाया आपल्या विहिरीशी थांबल्या आहेत, आणि मी पोहऱ्यातलं पाणी तसंच एकीच्या ओंजळीत ओतते आहे. तू मागून येतेस, माझ्या हातातून पोहरा काढून घेतेस आणि त्या बायांसमोरच मला म्हणतेस, "बिगर गाळेल पानी कोनले देवानं नही. मजूर व्हयनी तरी तीबी मानूसच शे ना." न गाळता कुणाला द्यायचं नाही, हा तुझा नेमच. मग तू लुगड्याचं धुवट फडकं चार पदरी करून हंड्यावर धरतेस. पावसाळ्यात त्यात तुरटी फिरवतेस, निवळलं की वरचं पाणी ओतून घेतेस, तुळशीचं पान टाकतेस, आणि मगच तांब्या पुढे करतेस. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ याच पाण्यात मळायचं, दुसऱ्या पाण्यात नाही. गंगामाय म्हणायचीस तू त्या विहिरीला. रस्त्यानं जाणारा एकही माणूस तू तहानलेला जाऊ दिला नाहीस.

शेवटी शेवटी तुझे गुडघे वळेनात. देवापुढे मांडी घालता येईना म्हणून तुला केवढा संकोच वाटायचा. कुणी हाक मारली की मान वळत नसे, अख्खं अंग वळवावं लागे. तुझ्याच वयाच्या शेजारणींचंही तेच होतं, आणि आळीतल्या पोरांच्या दातांवर पिवळे पट्टे होते. आम्ही म्हटलं वात आहे, वय आहे. तेल चोळलं, नवस बोलले. एकदा जेवताना हे सगळं मी पोरीला सहज सांगितलं, तर तिचा घास हातातच राहिला. खडकातून पाण्यात एक क्षार उतरतो म्हणे, फ्लोराइड. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षं पोटात गेला की हाडांत जाऊन बसतो. तिची ती तिसरी पूड नेमका तोच क्षार पाण्यातून धरून काढते. तिनं मला प्लॅस्टिकची बाटली दिली आणि म्हणाली, मामाच्या विहिरीचं पाणी घेऊन ये.

पावसाळा होता. मी माहेरी दादाकडे गेले, तुझ्या विहिरीचं पाणी शेंदलं आणि हात आपसूक तुझ्या वळणानं चालले. गाळलं, तुरटी फिरवली, निवळू दिलं, वरचं तेवढं बाटलीत भरलं, तुळशीचं पान सोडलं. कॉलेजात जाणारं पाणी, तिचे सर बघणार, ते गढूळ कसं पाठवायचं? दोन दिवसांनी पोर तोंड पाडून घरी आली. पाण्यात काही सापडलंच नाही. मी मात्र त्या दिवशी गोड शिरा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा कॉलेजातून फोन आला. "आई, बाटलीत तुळस कशी आली?" म्हटलं, मग काय तसंच देऊ? तिनं विचारलं, अजून काय काय केलंस. मी म्हटलं, काही नाही गं, गाळलं आणि तुरटी फिरवली, नेहमीसारखी. पलीकडून तिचे सर हसलेले ऐकू आले. म्हणाले, "आईंना सांगा, पाणी पाहुण्यांना नाही, मशीनला द्यायचंय." तुरटी त्या क्षाराला स्वतःच धरून बसते आणि मशीनला धड दिसू देत नाही, असं काहीसं पोरीनं समजावलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वहिनी ओट्यावर गहू निवडत होती. मी पाणी तसंच, काडीकचऱ्यासकट बाटलीत भरताना तिनं पाहिलं. म्हणाली, "सासूबाईसनी विहीरले नाव ठेवाले उन्यात का ताई?" मी बूच घट्ट लावलं. बाटली पिशवीत ठेवली. वहिनी मला निरोप द्यायला उठली तेव्हा तिनंही गुडघ्यावर हात दाबला.

या वेळी मशीनला दिसलं, माय. क्षार असावा त्याहून पुष्कळ जास्त होता. पोरीनं त्याच पाण्यात आपली पूड घातली, ढवळली, भांड्याला चुंबक लावून पूड कडेला ओढून घेतली, आणि वरचं पाणी पुन्हा मोजलं. क्षार जवळजवळ निघून गेला होता. शेवटचे आकडे आले तेव्हा मी तिथेच होते. ती खुर्चीतून उठली, हसली, आणि माझ्याकडे पाहून पुन्हा बसली. मग हळू म्हणाली, "आई, आजीला कळायला काही मार्गच नव्हता. तिनं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं तेच दिलं लोकांना."

ते पाणी मला चाखायचं होतं, तिनं चाखू दिलं नाही. पुडीतलं काही पाण्यात उतरतं का, ती किती वेळा धुऊन चालते, हे सगळं अजून तपासायचं आहे. पण ती स्वतः मामाच्या आळीत जाऊन घरोघर सांगून आली, की विहिरीचं पिऊ नका, धरणावरून येणारं नळाचं प्या. एक म्हातारेबाबा तिला म्हणाले, एवढी वर्षं पिऊन मी मेलो का? ती म्हणाली, "नाही बाबा, पण मागे वळून बघा बरं जरा." बाबांनी बघितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी पिण्याला नळाचं पाणी आलं. वहिनीकडेही आता प्यायला नळाचंच असतं. तुझी विहीर शेताला चालते, कपड्यांना चालते. यंदा कानबाईचे रोट नळाच्या पाण्यात मळले, आणि मळताना आम्ही दोघींनी तुझी क्षमा मागितली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक गोष्ट पोरीला सांगितलेली नाही ती तुला सांगते. तिच्या प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक प्रयोगाला मी देवापुढे तिचं यश मागितलं आहे. ती दुसरी बाटली तिच्या हातात दिली त्या दिवशी, दिवेलागणीला, मात्र मी हात जोडून मागितलं की तुझ्या पाण्यात काही सापडू नये. देवानं ऐकलं नाही ते बरंच झालं. पण मागितलं होतं मी.